डिम म्हणजे किती

डंडीतल्या इस्पितळाचा तळमजला.
खिडकीबाहेर समुद्रावरून आलेलं धुकं,
टे नदीवरचा पूल निम्माच दिसतोय.
आम्ही अकरा जण, बिस्किटांचा एक डबा,
आणि अजेंड्यावर एकच शब्द : डिम.

एल्सपेथ रॅट्रे चष्मा काढून म्हणतात,
आपल्या अहवालात 'डिम' होतं,
ॲबर्डीनने ते 'नाही' असं वाचलं.
त्या दोन शब्दांच्या फटीत एक माणूस,
वय त्रेसष्ट, आडनाव आपल्यापासून झाकलेलं,
सहा आठवडे औषधाविना राहिला.
बिस्किटाकडे कुणाचा हात जात नाही.

स्वान्सीचा गॅरेथ सांगतो, आम्ही 'वीक' लिहितो.
लीड्सवाले 'लो'.
कुणाचा एम म्हणजे सरासरी,
कुणाचा एम म्हणजे मध्यक,
आलेख मात्र सगळ्यांचेच देखणे.

माझी पाळी येते.
यांना काय सांगू,
सांगलीत आमचं मॅचिंग सेंटर होतं म्हणून?
बायका पदर पुढे करून म्हणायच्या, हा आमसुलीच ना?
नाही वहिनी, जांभळट आहे.
ट्यूबलाइट खोटं बोलते.
आणि अण्णा खांद्यावर ताका टाकून
गिऱ्हाइकासकट रस्त्यावर, उन्हात.
उन्हात वाद मिटायचा,
निदान ढग येईपर्यंत.

इथं ऊन नाही, म्हणून मणी आहेत.
नुसत्या डोळ्यांना न दिसणारे, प्लास्टिकचे,
प्रत्येकावर रेणू मोजून बसवलेला रंग.
आधी मणी सोडायचे लेझरसमोरून,
मागून पेशी.
मग म्हणायचं, अमुक मण्याइतकी.
बास. विशेषण नको.

हे मी सांगते, अण्णांना वगळून.

ठराव होतो :
ब्राइट, डिम, लो, वीक, सगळ्यांवर काट.
आकडा लिहा, एकक लिहा,
मणी कधी सोडले ती तारीख लिहा.
मी हात वर करते. पटलेलंच आहे.

आणि 'नाही'चं काय? गॅरेथ विचारतो.
कारण रंग न लावलेली पेशीसुद्धा
लेझरखाली स्वतःचं काहीतरी उजळतेच,
शून्य कधी शून्यावर बसत नाही.
एल्सपेथ घड्याळ बघतात. जेवणानंतर.

माझ्या वहीच्या समासात तेवढ्यात
शाईने उतरलेला एक शब्द : मिणमिणती.
त्याला एकक नाही.
तो मी खोडत नाही.
ॲबर्डीनलाही पाठवत नाही.