बोलता येईल इतकं

देवळातल्या रक्तदान शिबिराचं पत्र आलं
आणि घरात माझा पेला वेगळा झाला.
कुणी काही म्हटलं नाही.
तो फक्त खिडकीत पालथा राहू लागला.

बाराव्या वर्षापासून डोक्यावर मासळीची टोपली,
त्या मला थोरल्याने पडवीत खाट घालून दिली.
"आये, बस गे. लिवराक आराम होयो."
बसले. आठ महिने बसले.
बांगडा आला, गेला, तारली आली,
माझ्या पिंढऱ्या उकडलेल्या सुरणासारख्या झाल्या.

ओरोसच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी कागद वाचले.
"जुनं आहे, शांत आहे. गोळी रोज, रक्त सहा महिन्यांनी.
जेवणाखाण्यातून हे लागत नाही.
खाटेवर कुणी बसवलं?"
थोरला भिंतीवरचं चित्र बघत राहिला.
"चाला. अर्धा तास.
बोलता येईल पण गाता येणार नाही, इतक्या वेगाने.
दमलात की थांबा."

यकृत हा शब्द मला त्या दिवशी मिळाला.
आमच्याकडे काळीजच,
बोकडाचं असो नाहीतर बाईचं.
काळीज फाटतं, जळतं, पाण्यापाण्याचं होतं.
चालून झिजतं
असं मात्र म्हातारीकोतारीही कधी म्हणाली नव्हती.

आता पहाटे सुरूतून खाली उतरते,
ओल्या वाळूवर, जिथे पाय रुतत नाही.
चपला हातात.
पहिल्या दिवशी उलट्या होडीपर्यंत गेले आणि तिलाच टेकून बसले.
गणपतीच्या सुमाराला मोचेमाडच्या खाडीपर्यंत.
सोबत वासंती जुवाटकर. तिला साखर आहे.
"खंय गो चल्ल्यात?" रापणीवाले विचारतात.
"फिराक."
ते हसतात. मासेवाल्या, आणि फिराक!

बोलता येतंय का हे बघायला बोलावं लागतं.
माशांचे भाव संपले, सुना संपल्या,
मग एकदा, खाडी दिसू लागल्यावर,
मी पेल्याचं सांगितलं.
वासंती थांबली. धाप लागली होती तिला.
माझ्या हातातली बाटली घेतली,
तोंड लावून पाणी प्याली,
आणि म्हणाली, चल.

रक्ताचे आकडे मागच्यासारखेच आले.
बाईंनी खाली बरोबरची खूण केली.
पेला अजून खिडकीतच आहे.

काल रापण जड होती, दोराला माणसं कमी.
चपला टाकून मी दोर धरला.
थोडाच वेळ,
बोलता येत होतं तोवर.