ऐनवेळचा विषय

नोव्हेंबरच्या ग्रामसभेच्या नोटिशीत सहा विषय होते.
सातवा जेटीवरून चालत आला,
पोटऱ्यांना बांगड्याचे खवले चिकटलेले,
एका हाताला मुलगी,
मुलीच्या हातात शिष्यवृत्तीचा अर्ज.

मी लिहिलं:
ऐनवेळचा विषय, अध्यक्षांच्या परवानगीने.
धनबहादूर घर्ती, खलाशी,
याच्या मुलीस रहिवासी दाखला देणेबाबत.

खिडकीबाहेर टपरीवरचा टीव्ही चालू.
दिल्लीतही त्या दुपारी हेच:
कोणी राहावं, किती वर्षांनी राहिला म्हणावं,
कुठला कागद धरावा, कुठला धरू नये.
एक सदस्य उठतो, चौघे त्याला बसवतात,
पीठासनावरून शांतता मागितली जाते
आणि कढईत कांदाभजी पडली की
देशाचं काहीच ऐकू येत नाही.

इकडे कुबल उठले.
"आज दाखलो, उद्या रेशनकार्ड,
परवा सड्यावरची जमीन."
टाळ्या झाल्या.
टाळ्या इतिवृत्तात घेत नाहीत.

आनंदी खवळे बसल्या जागेवरूनच म्हणाली,
"ह्या चेडवाची नाळ मिया कापलंय.
दाखलो आणि कसलो होयो?"
हेही कुठल्या रकान्यात घालावं, कळेना.

मग उस्मान सारंग. सावकाश उभे राहिले,
पाकिटातून एक जुनं कार्ड काढलं,
कडा झिजलेल्या, फोटोत केस काळे.
"बावीस वर्षां कुवेतात. दर वर्षाक अकामा.
शेवटाक कफील म्हणालो, आता घराक जा."
आणि बसले.
ते कोणत्या बाजूने बोलले
हे सभेत कोणालाच विचारवेना.
मी लिहिलं, 'चर्चेत भाग घेतला'.

"बाई, तुमी सांगा," कोणीतरी म्हणालं,
आणि दुसरं लगेच,
"ती काय सांगतली, ती घाटावरची."
हशा. मीही हसले.
सहा वर्षं झाली. नारळ सोलता येतो,
तिरफळाचं वाटप कळतं,
मतदान अजून औशाला.
गोल शिक्का मात्र माझ्या खणात,
त्यावर किती जण इथले झाले, मोजलं नाही.

सरपंचांनी धनबहादूरला विचारलं, "मूळ खंयचो तू?"
"रोल्पा," तो म्हणाला.
मी दोनदा खोडलं, दोन्हीदा चुकलं.
"हंय किती वर्षां?"
तो उत्तर देणार होता.
पण खिडकीतून बाहेर बघत राहिला,
नारळांच्या शेंड्यांकडे,
आणि हळूच म्हणाला, "वारो फिरलो.
होडये वर काढा."

एक क्षण कोणी हललं नाही.
मग खुर्च्या पडल्या. चपला राहिल्या.
कुबल सगळ्यांच्या पुढे,
त्यांच्या दोन होड्या खडपाच्या तोंडाशी बांधलेल्या.
पाच मिनिटांत सभागृहात
मी, ती मुलगी, आणि पंखा.

गणपूर्तीअभावी सभा तहकुब, मी लिहिलं.
टपरीवरही कोणी उरलं नव्हतं,
टीव्ही एकटाच भांडत होता,
मग तोही थांबला. वीज गेली.

खालून हाका येत होत्या,
दोर, ओंडके, कोणाच्या तरी आईचा उद्धार.
कुबलांच्या होडीचा दोर कोणी धरला होता
ते इथून दिसत नव्हतं.
पाऊस आडवा आला आणि जेटीच दिसेनाशी झाली.

मुलगी माझ्या वहीवर वाकली.
"बाई, तहकूबला दुसरा कू."
मी दुरुस्त केलं.
"म्हणजे काय पण?"
म्हणजे सव्वीस जानेवारीला, मी म्हणाले.
तिने अर्ज उलटा करून शेवटची तारीख दाखवली,
पंधरा डिसेंबर,
आणि तो टेबलावर, पेपरवेटखाली, नीट ठेवला,
जन्मगाव आधीच भरलेलं,
शाईने, वळणदार.

खणाला किल्ली लागत नाही दमट हवेत.
नुसता ओढला तरी उघडतो.