गाठीचा फासा

नवा फ्रिज आला त्या खोक्याची एक बाजू
मी कापून कपाटामागे ठेवली होती.
कशाला, ते तेव्हा ठाऊक नव्हतं.

सारेमा बेटावर नोव्हेंबरात चारच्या आत अंधारतं.
उर्मास तिकडे, फिनलंडात, लोकांच्या घरांवर छपरं चढवतो.
दर तिसऱ्या शुक्रवारी बोटीनं येतो, रविवारी दुपारी परत.
मधल्या चाळीस तासांतले वीस तो झोपतो.
तानेल सोळाचा. त्याच्या खोलीचं दार बंद.
विल्या नऊची. निरोप पोचवते:
बाबा म्हणतात, जेवायला ये.
दादा म्हणतो, भूक नाही.

तर, खोका.
जाड पेनानं चौकोन आखले, त्रेसष्ट.
चौसष्टावा बसेना, तिथे फ्रिजच्या कंपनीचं नाव होतं.
विल्या म्हणाली, नुसते आकडे नकोत,
घरात घडलेलंच लिहू प्रत्येक घरात.
मग आम्ही दोघी आठवत बसलो,
बटाटे करपेपर्यंत.

सातवं घर : कुत्रा बर्फात हरवला. दोन घरं मागे.
एकोणीस : आईनं किल्ली आत ठेवून दार ओढलं,
सगळे सॉनातून थेट अंगणात, टॉवेल गुंडाळून.
इथे येईल त्यानं उठून नाचायचं.
तेहेतीस : आजोबांची होडी विकली.
इथे काय करायचं ते दोघींनाही सुचलं नाही.
तसंच सोडलं.
बेचाळीसवर विल्यानं हात आडवा धरून लिहिलं.

सोंगट्या मिळाल्या : कोटाचं बटण, शिंपला,
बिघडलेल्या रेडिओचा खटका, एक गारगोटी.
फासा मात्र नव्हता.
बुधवारी सकाळी टेबलावर, लोण्याच्या डबीशेजारी,
जुनिपरच्या लाकडाचा एक ओबडधोबड ठोकळा,
ठिपके तापल्या खिळ्यानं डागलेले.
सगळ्या स्वयंपाकघराला त्याचा वास.
मी काही विचारलं नाही.
आतल्या दाराकडे बघितलंसुद्धा नाही.

शुक्रवारी उर्मासनं तो तळहातावर तोलला.
सुतारच तो. म्हणाला, ह्यात गाठ आहे.
ती बाजू जड, खालीच जाणार. सारखे चारच पडतील.
“माहितीये,” दारात उभा तानेल म्हणाला.
आणि रेडिओचा खटका उचलून
खोक्याच्या कोपऱ्यावर ठेवला.

चार पडत गेले. मी नाचले.
उर्मासचं बटण धावलं ते थेट बेचाळीसवर.
त्यानं वाकून वाचलं, मोठ्यानं नाही :
*बाबा माझ्या नाटकाला आले नाहीत.
आहेत तिथेच थांबायचं.*
किती डाव? त्यानं विचारलं.
विल्या शिंपल्याकडे बघत म्हणाली, मी सांगेपर्यंत.

तो थांबला. आम्ही तिघं खेळत राहिलो,
तो फासा वेचून एकेकाच्या हातात देत राहिला.
एकदा बोलायला तोंड उघडलं, मिटलं.
नंतर म्हणाला, कोण झाली होतीस तू?
कोल्हा, विल्या म्हणाली. शेपूट आईनं शिवलं होतं.
शेपटाचा रंग कसा, पाठ काय केलं होतंस,
तो विचारत गेला,
आणि माझ्या लक्षात आलं,
कोणी निरोप घेऊन जात नाहीये.

रविवारी बोट वेळेवर सुटली.
पट टेबलावरच राहिला,
बटण बेचाळीसवर.
आम्ही चुलीजवळ ताटं मांडीवर घेऊन जेवतो आता.
आवरायला गेले तेव्हा फासा सापडेना.

मंगळवारी रात्री फोन.
थकलेला आवाज, मागे कुणाचा तरी टीव्ही.
माझी पाळी आहे का, त्यानं विचारलं.
विल्यानं बराच वेळ लावला.
मग म्हणाली, टाक.
फोन टेबलावर ठेवला, तिघांची डोकी त्यावर वाकलेली.
दूर, समुद्रापलीकडच्या कुठल्याशा फरशीवर
लाकूड ठक ठक करत गेलं
आणि थांबलं.

चार, तो म्हणाला.
गाठ पडली, म्हणत तानेल हसला,
आणि बापाचं बटण
एकेक घर मोजत
हळूहळू पुढे नेऊ लागला.