टरबुजाची फोड

रात्री नटीनं मोबाइलवर टाकली
टरबुजाची एक फोड. खाली अक्षर नाही.
सकाळी फोड गायब.
ती ज्या थंड्याची जाहिरात करते
त्या कंपनीचं पत्रक तेवढं आलं :
आम्ही शांततेच्या बाजूनं.

दुपारी गाडी आली,
झिबलच्या ठेल्यावरल्या फ्रीजवर
दुसरीच हसरी चिकटवून गेली.
जुनीचा एक कान अजून बाहेर आहे.

पवनीच्या रस्त्याकडेला
वैनगंगेच्या रेतीतला माल ताडपत्रीवर मांडून
दसाराम मामा विचारते,
"टरबुजानं कोणाचं काय केलं बावा?"

मी सांगतो, तिकडं गाझाकडं
झेंडा धरू देत नसत,
तं लोक फोड धरत.
हिरवं, पांढरं, लाल, काळ्या बिया.

"म्हणजे मी चाळीस वर्षं
झेंडे विकून राहिलो?"
मामा हसते. मग हसत नाही.

मोटरसायकल थांबते. "लाल निघंल ना?"
मामा सुरीनं तिकोनी डगळी काढते,
वर धरते.
लालच.
इकडंतिकडं पाहून
जागच्या जागी दाबून बसवते.

गिऱ्हाईक म्हणते, वीसला द्या.