तीन कॉलमी

साहेब चोपड्यात बोलले चाळीस मिनिटं.
पाण्याचा विषय नाही, केळीच्या भावाचा नाही.
'लोंढे' मात्र अकरा वेळा.
मी मोजले. मोजणं हेच माझं काम,
तीन कॉलमात किती अक्षरं मावतात ते.

रात्री जळगावहून वाल्मीकअण्णांचा फोन:
लोंढे हेडिंगात घे, ठळक.
मी म्हटलं, अण्णा, 'मजूर'ही तेवढ्याच जागेत बसतो.
बसतो रे, ते हसले,
पण उठत नाही.

घेतलं मी. अनुस्वारसुद्धा नीट तपासला.

आठवड्यानं अडावदच्या शिवारात
केळी भरणं चाललं होतं.
घडांखाली रद्दी अंथरत होता
समस्तीपूरचा फेकन महतो,
बनियनवर चिकाचे काळे डाग,
माझ्या बापाच्या सदऱ्यावरूनही
जे मरेपर्यंत गेले नाहीत.
आणि बाप तर इथलाच.
म्हणजे त्याचा आजा
सुरतेकडून बैलगाडीत आला,
ते आम्ही चारचौघांत काढत नाही.

माझं हेडिंग ट्रकात उताणं पडलेलं,
साहेबांच्या कपाळावर पहिला घड.
फेकननं अक्षरांवर बोट ठेवलं.
सहा हंगामांत भाषाही उचललीय त्यानं:
काय लिखेल शे, भाऊ?

भाव, मी म्हटलं. केळीचा भाव.

कितला?

आकडा सुचेना.
बातमीत तो नव्हताच.
तो हात तसाच धरून थांबला,
मागून ड्रायव्हर हॉर्न देत होता,
दिल्ली लांब आहे म्हणून.