चपड्याचा वास

चपड्याच्या डब्याखाली नऊ पत्ते निघाले.
खेळायचे नव्हेत, चित्रांचे.
टोप्या घातलेले जपानी गडी,
हातातली बॅट चपटी नाही, मुसळासारखी गोल.
कडांवर तेलाचे जुने डाग.
वेफर्सच्या पुडीबरोबर यायचे, एका पुडीमागे एक,
आफ्रीन सांगते. भाची माझी,
पुण्यात जपानी शिकते.

साल कुठंच छापलेलं नाही.
मागे एक आकडा आणि मुंगीएवढा मजकूर.
फोटो काढून पाठवले, तर रात्री साडेदहाला फोन:
“खाला, हा बघ, चार मेच्या सामन्यात
सरपटत दुसरा तळ गाठतोय.”
म्हणजे चार मेच्या आधी हा पत्ता असूच शकत नाही.
मग फोटो धुवायचा, छापायचा, कापायचा,
पुडीबरोबर दुकानात जाऊन लटकायचा.
धर, जून उजाडला.
आणि साल? पुढच्या हंगामात हा गडी दुसऱ्या संघात गेला,
अंगातला सदरा अजून जुन्या संघाचा आहे.
शोवा त्रेपन्न.
त्यात पंचवीस मिळवले की आपलं अठ्ठ्याहत्तर.

इथवर सगळं ठीक.

पण मला तर आठवतं,
मोरिता आमच्या दुकानात मांडी घालून बसलेला,
मांडी त्याला जमायची, खुर्ची मागितली नाही कधी.
सतार घेऊन निघताना
त्यानं हे पत्ते माझ्या हातात ठेवले.
मी सात वर्षांची. त्याच्या बोटांना चपड्याचा वास होता.
हे मी किती जणांना सांगितलंय,
सासरी, शाळेत, मुलांना झोपवताना.

अब्बांची वही काढली.
‘मोरिता, जपान. सतार १, तून. बाकी पोचली.
माल दिला ता. १९ एप्रिल ७८.’

एप्रिल.
तो गडी अजून सरपटलाच नव्हता.

वही चुकली म्हणावं, तर अब्बा पैशाच्या तारखेला चुकायचे नाहीत.
सतारीच्या तारखेचं वेगळं.
भोपळ्याच्या आत चिठ्ठी डकवायचे, नाव, गाव, मिरज, तारीख,
आणि गिऱ्हाईक समजायचं, त्या दिवशी सतार झाली.
भोपळा चार वर्षं आढ्याला टांगलेला असायचा,
लाकूड त्याच्याही आधीचं.
“मग खरी तारीख कुठली?” मी विचारायची.
“जवारी लागंल ती,” म्हणायचे बाबालाल सतारमेकर,
आणि घोडीवर कानस फिरवत राहायचे,
माझ्याकडं न बघता.

मग पत्ते टपालानं आले असणार.
शोधलं. डब्याच्या तळाशी पाकीटही होतं,
जाड, निळ्या रेघांचं,
उजव्या कोपऱ्यात चौकोनी भोक.
दस्तगीरनं तिकीट कापून घेतलेलं,
तिकिटाबरोबर शिक्का, शिक्क्याबरोबर तारीख.
तो अल्बम त्यानं नववीत
दोन मांजाच्या फिरक्यांवर देऊन टाकला.
आता भाऊ हसतो: “मला काय म्हाईत तुला पंचेचाळीस वर्षांनी लागंल!”

तर मोरितानं मला काही दिलं नव्हतं.
तो तेव्हा समुद्रापलीकडं
वेफर्स खात बसला असेल, एकेक पुडी फोडत.
कुणीतरी पाकीट उघडलं,
पत्ते मोजले, शाळेतून येऊ दिलं मला,
आणि म्हणालं, “घे, मोरितानं दिल्यात तुला.”

मोरिताच्या बोटांना
चपडा कुठला असणार?

मघाशी आफ्रीनचा पुन्हा फोन.
नवव्या पत्त्यावर ऑगस्टचा सामना आहे म्हणे,
म्हणजे पाकीट त्याच्याही नंतरचं,
सप्टेंबर धर, ऑक्टोबर धर.
“अजून नक्की करता येईल खाला, बघू का?”
बघ म्हटलं. घाई नाही.
पत्ते परत डब्याखाली ठेवले,
झाकण उघडून एकदा हुंगलं,
आत काही उरलेलं नाही, कडेला थोडं तांबूस,
नखानं खरवडलं तर निघतं.