किंमत: १

रामबागेतल्या पोतनिसांचा डबा
सुनेने वजनावर दिला,
सव्वा किलो, पत्र्यासकट.

रात्री निवडायला बसलो.
होळकरी दोन, कोरी, मागे गोंद शाबूत.
हंगेरी, हंगेरी, पुन्हा हंगेरी.
आणि तळाशी नखाएवढी सात:
देशाचं नाव नाही,
किंमत नुसती १. एक काय, ते नाही.
राजाचं नाक रेघेबाहेर सांडलेलं.

कॅटलॉग चाळला, भिंग पुसलं,
छावणीत भिशीकरांना फोन लावला.
"भिया, पोरांच्या पोस्ट-पोस्टचा खेळ तो. फेका."

फेकणारच होतो.
पण सातव्याला मागे कागद चिकटलेला,
म्हणून सवयीने बशीतल्या पाण्यात सोडलं
आणि शिक्का सुटायला लागला.
शिक्का!
चिमट्याने उचललं घाईघाईत.
शर्टाचं बटण, चार भोकांचं,
शाईत बुडवून बरोबर कोपऱ्यावर मारलेलं.
मागच्या कागदावर पेन्सिलीने: "माळ्यावर, ता"
पुढचं फाटलंय. ताई? तात्या?

म्हणजे हे चाललं.
कुणीतरी शिडी चढून नेऊन दिलं,
वर कुणीतरी घेतलं.

माझी होळकरी कुठेच गेली नाहीत.

वहीत "देश" या रकान्यावर
पेन टेकवून बसलोय कधीचा,
ठिपका मोठा होतोय.
बशीतलं पाणी जरासं निळं.
ओतून द्यायला उठवत नाही.